राउटर घ्यावा की ड्रिल

आप्पा, आज दौंडला जाऊन आलो. तुम्ही गेल्यापासून त्या गावात उतरायचं मी टाळत होतो. पाटसकडं काम निघालं तरी दौंडच्या स्टँडवर गाडीतून खाली पाय ठेवत नसे. पण शिरूरच्या दुकानात मशीन चालवून बघायला मिळत नाही, नुसतं खोक्यावरचं चित्र दाखवतात, आणि चित्र बघून वस्तू घेणारा मी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. प्रश्न असा होता, की किचनची कपाटं जोडायला राउटर घ्यावा की ड्रिल. राउटर तुमच्या वेळी आपल्याकडं आला नव्हता. तो फळीत लांब, सरळ खाच पाडतो, तुम्ही पटाशीनं अर्धा दिवस घालवून पाडायचात तशी, आणि त्या खाचेत दुसरी फळी घट्ट बसते. ड्रिलचं काम सावकाश. दोन्ही फळ्यांना समोरासमोर भोकं पाडायची, डिंक लावून लाकडाच्या गोल खुंट्या ठोकायच्या, आणि एक भोक केसभर सरकलं तरी अख्खं कपाट तिरकं.

इथं शिरूरला नव्या बिल्डिंगा उठतायत. एका ठेकेदारानं मला सरळ सांगितलं, "मिस्त्री, राउटर आणा, समदी किचनं तुमची. भोकं पाडत बसलात तर ज्यांच्यासाठी कपाटं करताय ती माणसं म्हातारी व्हतील." आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पण रात्रभर झोप लागली नाही. एवढं काम मला पुन्हा कोण देणार? आणि मला भीती होती ती भुग्याची. रंध्याखालून लाकडाची गुंडाळी निघते, ती पायाशी पडते आणि चुलीत जाते. ड्रिलचा चुराही खालीच पडतो. करवतीचा भुगा घरात नको म्हणून प्लाय मी वखारीतूनच कापून आणतो. राउटरचा भुगा मात्र पिठासारखा, तो तरंगत राहतो. माझं शेड म्हणजे राहत्या खोलीमागं पत्रे लावून केलेली जागा. पत्र्याच्या पलीकडं माझी मुलगी झोपते. आत्ताच चालायला लागली आहे. तुमची नात.

तुम्ही केंदूरला होतात तेव्हा बैलगाड्या आणि दाराच्या चौकटी करायचात, सगळं हातानं. गाड्यांचं काम बंद पडलं आणि तुम्ही दौंडच्या फर्निचरच्या कारखान्यात लागलात. नववीतून शाळा सुटल्यावर मीही तुमच्या हाताखाली आलो. तो पहिला आठवडा मला दिसतो. तुम्ही घासायचं मशीन सागवानी दारावरून फिरवताय, दार आरशासारखं होत चाललंय, आणि तुम्ही मला हाक मारता, "आरं, हात लावून बघ. रेशीम झालंय की न्हाई?" तुमच्या मिशा, पापण्या, कानाची पाळी, सगळं पिवळं झालंय. इतकं खूश मी तुम्हाला केंदूरला कधी पाहिलं नव्हतं. मी घरून धुतलेलं फडकं आणलेलं असतं, ते पुढं करतो. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "तोंड बांधून काम कराया मी काय चोर हाय व्हय?" कारखाना हसतो आणि मी फडकं खिशात घालतो.

संध्याकाळी मालक गुळाची ढेप फोडायचा आणि ज्याच्या त्याच्या हातावर खडा ठेवायचा. गूळ खाल्ला की नरड्यातला भुगा खाली जातो, छाती धुऊन निघते, असं सगळेच म्हणायचे. मालकाच्या मनात वाईट नव्हतं, तोही भुग्यातच उभा असायचा आणि खडा खायचा. घरी आई तुमच्या चहाबरोबर आणखी एक खडा काढून ठेवायची, चांगला काळा, चिक्कीचा. खोकला वाढला तसा तिनं खडाही वाढवला. मला तो स्वयंपाकघरातला आवाज अजून ऐकू येतो, आधी तुमचा खोकला आणि मग डब्याचं झाकण.

पुढं डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "काम काय करता?"

"सुतारकाम."

"मशीनवर? भुग्यात?"

"व्हय. पर गूळ खातो की रोज," तुम्ही म्हणालात. खात्रीनं म्हणालात, पथ्य पाळणाऱ्या माणसासारखं. डॉक्टर खाली मान घालून लिहायला लागले. आई माझ्याकडं बघत होती. त्या दिवसापासून तिनं घरात गूळ आणला नाही. तुमच्यानंतर मी गुपचूप तुमच्यावर चिडत राहिलो. एक फडकं बांधायला काय जात होतं या माणसाचं, असं कितीतरी वर्षं मनात म्हणत आलो.

आज दुकानदारानं प्लायचा तुकडा शिकंज्यात आवळला आणि राउटर माझ्या हातात दिला. "चालवून बघा, लाजताय कशाला?" मी बटण दाबलं. फळी नुसती उघडत गेली. कडा अशी स्वच्छ, की बोट फिरवलं तर कुठं अडेना. मी दुसरी खाच पाडली, मग तिसरी, मग आडवी. दुकानदार म्हणाला, "अवं बास की, माझं गिऱ्हाईक खोकाय लागलं." मी थांबलो. समोरच्या काचेत माझ्या भुवया पांढऱ्या दिसत होत्या. तोंडाला बांधायचा रुमाल खिशात होता, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मी ड्रिल घेऊन आलो. संध्याकाळी ठेकेदारानं एकच किचन दिलं, बाकीची दुसऱ्याला. घरी बायकोनं विचारलं, "अवं, मग एवढं काम सोडलं कशापायी?" खुंट्यांचा जोड जास्त टिकतो, असं मी तिला सांगितलं. ते खोटं नाही.

पण हा कागद कुठं जायचा नाही म्हणून खरं ते लिहितो. आप्पा, मला आता तुमच्यावर चिडता येत नाही. ते मशीन मला फार आवडलं.