बाबांची दुनळी बंदूक आणि दादावरची केस

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, सहावी पास, सातवीत दोनदा बसलेला, काम गोदामाच्या गेटवर बंदूकधारी पहारेकरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. मला काहीही झालेलं नाही, आईने रडायला बसू नये. परवान्याच्या नूतनीकरणाला गेलो तेव्हा कारकून म्हणाला, "तू गेलास तर बंदूक कोणाकडे?"

"साहेब, मी कुठे जातोय?"

"सगळे असंच म्हणतात. लिहून आण."

१. बँकेत जे आहे ते आईचं. सायकल वहिनीची. तिला शिकायची आहे, दादाने हसू नये.

२. बॅटरी, शिट्टी आणि जाड कोट माझ्या जागी येईल त्याला. कोटाच्या डाव्या खिशाला भोक आहे, त्यात काडतुसं ठेवू नयेत.

३. बाबांची दुनळी बंदूक दादाला. पण ती सायकलसारखी उचलून नेता येत नाही. आधी पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. मग दादाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा, मिळाला तरच सोडवायची. जिल्ह्याबाहेर कामाला न्यायची तर परवान्यावर क्षेत्र वाढवून घ्यायचं. त्यात माझ्या चार खेपा झाल्या.

४. दादाला परवाना मिळणार नाही. बाबा गेल्यावर पहिला अर्ज त्याचाच होता. चौकशीत मारामारीची केस निघाली, अर्ज फेटाळला. मग मी केला, मला मिळाला, आणि बंदूक होती म्हणून ही नोकरी लागली. दादा सिमेंटच्या गोण्या उचलत राहिला. मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "बरं झालं, शांत पोराकडे गेली." दादा मान खाली घालून जेवत होता.

त्या मारामारीत विटेचा तुकडा मी मारला होता. ट्रकवाल्याचं डोकं फुटलं. पोलीस आले तसा दादा पुढे झाला. मला म्हणाला, "घरी जा रे गाढवा. आईला सांग, भाजी आणायला गेलाय." मी गेलो. तसंच सांगितलं. बाबा जाईपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत.

५. परवान्यावर छापलंय, 'शस्त्र बाळगणे'. आमच्या घरी राग बाळगतात, म्हणून मी कारकुनाला अर्थ विचारला. तो म्हणाला, "जवळ ठेवणे. आणि बाळगतोस ते मुदतीत इथे आणून दाखवणे." विटेची गोष्ट मी नऊ वर्षं बाळगली. कुठेच दाखवली नाही.

६. इथपर्यंत खोलीवर लिहिलं. पुढचं परवाना ऑफिसच्या बाकावर. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, आणि मी जेवतो त्या हिशेबाने तोवर दादा म्हातारा होईल. म्हणून कलम चारची नक्कल सही करून अर्जाला जोडली. कारकुनाने दोनदा वाचली.

"हे जोडलंस तर तुझा परवाना राहीलच असं नाही."

"माहीत आहे."

"नोकरी?"

"ती बंदुकीची होती, साहेब."

बंदूक दाखवायला सोबतच होती. समोरच्या ठाण्यात जमा केली, तिथेच विटेचा जबाब लिहून दिला आणि परत बाकावर येऊन बसलो. कलम तीनमधलं तेवढं काम झालं. पावती याच पाकिटात आहे.

दादा, नवा अर्ज कर. आणि आईला सांग, भाजी मिळाली.

साक्षीदार: १. खिडकीवरचा कारकून ("मला यात ओढू नको" म्हणाला, मग पेन मागितलं)
२. रांगेत माझ्यामागे उभे असलेले निवृत्त बँक पहारेकरी

सही: धाकटा
ठिकाण: परवाना ऑफिस, खिडकीसमोरचा बाक
दिनांक: माझ्या परवान्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस