पडद्यावरचा डोळा

प्रिय टोबिन,

प्रयोगशाळेत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्यांची नजर कुठे जाते ते तपासताना आम्हाला नाव कळत नाही, पडद्यावर नुसता एक डोळा दिसतो. आज निळ्या बुबुळातला तो तपकिरी ठिपका दिसला आणि मी तुला ओळखलं, गधड्या! व्हेपचं चित्र आलं की नजर दुसरीकडे वळवायची, एवढंच काम होतं. तुझी नजर दर वेळी तिकडेच धावली. आणि फुफ्फुसं बिघडून इस्पितळात राहून आल्यापासून आईला सांगतोस, "केव्हाच सोडलं!"

हे पत्र पाठवता येणार नाही. कुणाचा निकाल कुणाला सांगायचा नाही, असा नियम आहे. रविवारी आईकडे ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश वाढून घेताना तू माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा तेच म्हणशील. तुला जे जमलं नाही, ते तेव्हा मला जमवावं लागेल. नजर दुसरीकडे वळवावी लागेल.

तुझी बहीण,
लॉर्ना