विसावा माणूस

धुळे,
रविवार, ता. १७ नोव्हेंबर १९६८

तीर्थरूप वच्छलाअक्कास,

चुडामणचा नमस्कार. माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच फळीवर टाकशील, म्हणून पत्ता मुद्दाम दुसऱ्याकडून लिहवून घेतला आहे. आता फोडलंच आहेस तर वाचून टाक.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली. नवीन शेंग आली, मिलची तेल काढायची दोन्ही एक्सपेलर चालू आहेत आणि माझ्या अंगाला, अंथरुणाला, देवापुढच्या पंच्यालासुद्धा ढेपेचा वास लागला आहे. माझी एक दाढ काढली. रतनलालशेठच्या आई झमकूबाई, ज्यांना आम्ही सगळे माजी म्हणतो, त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं. आता दुरूनसुद्धा मला ओळखतात. तुमच्या नशिराबादला पाण्याचं कसं आहे? तुझे गुडघे कसे आहेत? सहा वर्षांत पत्र लिहिलं नाही, त्याचं कारण कामाचा व्याप.

पत्र लिहायला कारण तसं काही नाही. एका सरकारी गोष्टीत गोंधळ उडाला आहे आणि तुझं डोकं पहिल्यापासून माझ्यापेक्षा चांगलं, म्हणून विचारतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे प्रॉव्हिडंट फंडाचे इन्स्पेक्टर आले होते. फंड म्हणजे काय ते आधी सांगतो. कामगाराच्या पगारातून शंभराला सव्वासहा रुपये कापायचे, मालकाने पदरचे तेवढेच घालायचे आणि ते सरकारकडे साठू द्यायचे. हातपाय थकले की माणसाला सगळे एकदम मिळतात. गोष्ट चांगली आहे. पण ती कोणाला लागू, हे समजून घेता घेता माझं डोकं भणाणून गेलं. तेलाच्या मिलला लागू, पण वीस माणसं असतील तरच. एकोणीस असतील तर नाही. बरं, विसात कोण धरायचा? ज्याला कामावर वर्ष झालं नाही तो फंडाचा सभासद होत नाही, पण मोजताना त्याला धरायचं. ज्याला हजाराच्या वर पगार आहे तोही सभासद होत नाही, पण त्यालाही धरायचं. म्हणजे मोजायला आहे आणि द्यायला नाही, असेही लोक असतात. मालकाच्या घरचा माणूस पगार घेऊन काम करत असेल तर धरायचा, मालक म्हणून बसत असेल तर नाही धरायचा.

मी विचारलं, "साहेब, पगारही घेत नाही आणि मालकही नाही, त्याचं काय?"

ते हसले. म्हणाले, "असा माणूस असतो का?"

मी म्हणालो, "नाही, सहज विचारलं."

आमच्या मिलमध्ये एकोणीस माणसं आहेत. हजेरीपट मीच लिहितो, तेव्हा मला पक्कं माहीत आहे. लोटन एक्सपेलरवर आहे, नऊ वर्षं झाली. बेबाबाई शेंगदाणा निवडते, तिला दहावं वर्ष. बाकीचेही असेच जुने. शेठ म्हणाले, "साहेब, मोजून घ्या." साहेबांनी मोजले. एकोणीस भरले. चहा झाला. साहेब उठले, चष्मा खिशात ठेवला, परत काढला आणि हजेरीपटावर बोट ठेवून म्हणाले, "हे अक्षर कोणाचं आहे? त्यांचं नाव यात दिसत नाही."

शेठ म्हणाले, "ते आमच्या घरचे आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. रतनलाल कुठे, चुडामण कुठे! नावांवरूनच आम्ही एका घरचे नाही हे कळत होतं. ता. २८ ला, गुरुवारी, परत येतो, तेव्हा यांचा जबाब घेतो, एवढं सांगून गेले.

तर अक्का, गोंधळ असा आहे. मी स्वतःला धरलं तर वीस होतात आणि त्या सगळ्यांना फंड लागू होतो. नाही धरलं तर कोणालाच नाही. लोटनला हे कोणी सांगितलं कोण जाणे. परवा अंग धुऊन, टोपी घालून माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही फक्त तुमनं नाव सांगा. मंग आमनं बठ्ठासनं काम व्हई." मी म्हटलं, अरे, सगळ्यांचं काम होणं इतकं सोपं नाही. तो म्हणाला, "नाव सांगानं शे ना भाऊ? त्यामा काय अवघड शे?" मी त्याच्यावर खेकसलो.

शेठनेही त्याच दिवशी गादीवर बोलावलं. रागात नव्हते. म्हणाले, "चुडामण, एकोणीस वर्षांत या घरात तुला कोणी नोकर म्हटलं? मी म्हटलं? माजी म्हणाल्या? नाही ना? मग तेच सांग. मी तुला खोटं बोलायला लावत नाही."

आणि तेही खरंच आहे. मी जेवतो त्यांच्या स्वयंपाकघरात. दिवाळीला सुभाषचंदला, म्हणजे शेठच्या धाकट्या भावाला, जे कापड येतं त्यातलंच मला. टायफॉइड झाला तेव्हा माजी अकरा दिवस माझ्या उशाशी बसून होत्या. तिजोरीची किल्ली माझ्या करगोट्याला असते. असा नोकर कुठे असतो का? पगार म्हणून मी आजवर एक पैसा घेतलेला नाही. पण मग सकाळी सहाला मिलचं दार उघडणारा, ढेपेच्या वॅगनी भरून देणारा, कोर्टात तारखांना उभा राहणारा तो कोण? मी उजळणी करत बसतो. कधी नोकर भरतो, कधी घरचा. दोन वेळा उत्तर सारखं येत नाही.

कामाचा व्याप हे पत्र न लिहिण्याचं खरं कारण नाही, तुलाही ते माहीत आहे. ते तूर्त राहू दे.

उत्तर पाठवच, असं म्हणत नाही. पाठवलंस तर गुरुवार, ता. २८ च्या आत मिळेल असं पाठव.

तुझा,
चुडामण


धुळे,
रविवार, ता. १ डिसेंबर १९६८

तीर्थरूप अक्कास,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही. टपालखात्याला नावं ठेवून मी समाधान करून घेतलं. या वेळी पत्ता मीच लिहिला आहे.

मागच्या पत्रात दोन गोष्टी गाळल्या. तू त्या वाचताना ओळखल्या असशील, तरी लिहितो.

पहिली सुपडूची. सुपडू बॉयलरवर चौदा वर्षं होता. दोन वर्षांपूर्वी दुसरं एक्सपेलर आलं, त्यावर माणूस लागला आणि वीस झाले. शेठ म्हणाले, "एक कमी कर." कोण ते त्यांनी सांगितलं नाही. मी सुपडूचं नाव काढलं, कारण तो म्हातारा होता आणि भांडणार नाही हे मला माहीत होतं. त्याला एक धोतरजोडी आणि पन्नास रुपये दिले. जाताना तो माझ्या पाया पडला, अक्का, आणि मी पडू दिलं. आता सोनगीरला मुलीकडे असतो. त्या दिवशीही मी हजेरीपट मोजला होता आणि मोजणारा सोडून मोजला होता. मी स्वतःला तेव्हाच धरलं असतं तर सुपडूला काढून काही उपयोगच नव्हता.

दुसरी गोष्ट भाऊजींच्या दहाव्याची. मी सकाळच्या मोटारीने आलो आणि संध्याकाळच्या मोटारीने निघालो, कारण दुसऱ्या दिवशी वॅगन लागायची होती. तू अंगणात सगळ्यांदेखत म्हणालीस, "तू तठे नोकर शेस, आनि नोकर म्हनीसन सांगाले लाजस." मी म्हणालो, मी त्या घरचा माणूस आहे, हे तुला कळायचं नाही. कुंकू पुसलेल्या बहिणीला असं म्हणून मी मोटारीत बसलो. रस्ताभर तुझ्याशी मनात भांडत आलो आणि पुढची सहा वर्षंही भांडलो. शब्द लागला तो खोटा होता म्हणून नव्हे. हे लिहायला मला फार वेळ लागला आहे.

आता गुरुवारचं सांगतो. साहेब अकरा वाजता आले. शेठ आणि सुभाषचंद गादीवर होते. दाराबाहेर लोटन आणि दोघं-चौघं उगीचच झाडत होते. मी ठरवून काहीच गेलो नव्हतो. खरं सांगतो, खुर्चीवर बसलो तेव्हाही मला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे.

साहेबांनी विचारलं, "पगार किती?"

म्हटलं, "पगार नाही."

"मग काय मिळतं?"

"जेवण, कापड. लागतील तसे पैसे."

"ते तुम्ही घेता की मागता?"

म्हटलं, "मागतो."

साहेबांनी लिहून घेतलं आणि सुभाषचंदकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही?"

सुभाषचंदला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "मी कोणाकडे मागू? तिजोरीतून घेतो."

बस, एवढंच झालं. कोणी काही वाईट बोललं नाही. पण किल्ली एकोणीस वर्षं माझ्या कमरेला आहे, आणि दाढ काढायचे पाच रुपयेसुद्धा मी शेठचं जेवण होईस्तोवर थांबून मागितले होते, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं. शेठनाही दिसलं असावं, कारण ते खाली बघत होते.

मी म्हणालो, "साहेब, विसावा मी. लिहून घ्या. आणि दोन वर्षांपूर्वी सुपडू म्हणून एक होता, त्याचंही नाव घ्या. ते मी काढलं होतं." बाहेर लोटनच्या हातातला झाडू थांबला.

आता तू म्हणशील, झालं, डोक्याचा ताप गेला. गेला नाही. उलट वाढला. साहेब म्हणतात, मी एकोणीस वर्षं विसावा होतो, तर फंड कधीपासून धरायचा ते वरून ठरेल. सुपडूचं काय होतं तेही वरूनच कळेल. शेठ माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. शनिवारी म्हणाले, "एकशेवीस पगार लिही तुझ्या नावावर. आणि साहेबांना विचार, पगारी माणसाच्या जेवणाचे पैसे कापायचे असतात का?" ही थट्टा होती की राग, मला समजलं नाही. त्यांनाही समजलं होतं की नाही, देव जाणे. माजींनी कोणाला काही विचारलं नाही. माझं ताट रोजच्याच जागी मांडलं. फक्त इतकी वर्षं त्या न विचारता भाकरी टाकायच्या, काल म्हणाल्या, "आणखी पाहिजे का?" मी नको म्हटलं. भूक होती. हात धुऊन मिलमध्ये आलो आणि बारदानाच्या गठ्ठ्यावर बसून रडलो. चाळिशीच्या माणसाने सांगू नये, पण तुला नाही तर कोणाला सांगू?

बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. लोटन मात्र पेढे घेऊन आला होता. म्हणाला, "भाऊ, आते आपन बठ्ठा सारखा." मला ते ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते तूच सांग.

पत्र लिहायचं खरं कारण आता येतं. प्रत्येकाला एक फॉर्म भरायचा आहे. आपण मेलो तर फंड कोणाला द्यायचा, त्याचं नाव त्यात लिहायचं. बाकीच्या एकोणिसांचे मीच भरून दिले. भराभर झाले. बायको, मुलगा, बायको, मुलगी. माझा शेवटी घेतला आणि पेन अडलं. फॉर्म द्यायला आलेल्या साहेबांच्या कारकुनाला विचारलं, "बहिणीचं घालू का?"

तो म्हणाला, "बहीण कुटुंबात येत नाही. कुटुंब म्हणजे बायको, मुलं, सांभाळायला असलेले आईबाप."

मी म्हणालो, "यातलं मला कोणीच नाही."

"माजी वगैरे ज्या तुम्ही म्हणता त्या?"

"त्या शेठच्या आई."

तो म्हणाला, "मग तुमचं सोपं आहे. ज्याला कुटुंबच नाही त्याला कोणाचंही नाव घालता येतं. फक्त पुढे लग्न केलंत तर हे रद्द होईल."

तर अक्का, तुझं नाव घातलं आहे. पूर्ण नाव, मु. पो. नशिराबाद. नातं या रकान्यात 'बहीण' लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, कारण विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर तिथं लिहायला माझ्याकडे दुसरं नाव नव्हतं. वयाचा रकाना कोरा ठेवला आहे. माझ्या सख्ख्या बहिणीचं वय मला सांगता आलं नाही, याची त्या कारकुनासमोर जेवढी लाज वाटली तेवढी नोकर आहे हे सांगताना वाटली नव्हती.

फॉर्म सोमवारी, ता. ९ ला, जायचा आहे. एका कार्डावर फक्त वय लिहून पाठवलंस तरी चालेल. बाकी काही लिहू नकोस, नमस्कार-आशीर्वादही नको. नुसता आकडा आला तरी तू मला भाऊ धरलंस असं मी समजेन.

वाट पाहणारा तुझा धाकटा भाऊ,
चुडामण