कॅप्टन डोरीनच्या पाठीची हकिकत

तीर्थस्वरूप तौनोकाकांना हेल्मीचा नमस्कार.

तब्येत कशी आहे हे विचारल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाही म्हणून विचारते. तळं अजून गोठलेलंच असेल आणि तुम्ही बर्फाला भोक पाडून, गळ टाकून सकाळपासून त्यात बघत बसत असाल. काकूंनाही नमस्कार सांगा. त्यांनी पाठवलेला पुल्ला, तो वेलचीचा गोड पाव, अग्निशमन केंद्रातल्या लोकांनी मला न विचारता संपवला आणि वर ‘जरा कोरडा होता’ असंही सांगितलं. इकडे थंडर बेमध्ये बर्फ वितळतो, त्याचा चिखल होतो आणि चिखल पाहून घ्यावा तोवर पुन्हा बर्फ पडतो. बाकी ठीक.

तुम्ही तुमच्या जुन्या अग्निशमन केंद्रात शब्द टाकलात म्हणून मला तिथे शिरकाव मिळाला, याबद्दल आभार. मात्र ‘माझी पुतणी, व्यायामाच्या बाई आहे’ अशी ओळख करून दिलीत, ती काही पुसली जात नाही. मी दिसले की सगळे पोट आत घेतात. आगीत आणि अपघातात धावून जाणाऱ्या माणसांची शरीरं किती ताण झेलतात, कुठे मोडतात आणि का मोडतात, यावर माझं संशोधन आहे, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर चित्रं काढून समजावलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रस लिंडहोम (तुमच्या वेळी नवा भरती झालेला; आता त्याला टक्कल पडलंय) म्हणाला, “म्हणजे व्यायामाच्याच बाई की.”

खरी पंचाईत पुढे झाली. दुखापतींचा अभ्यास करायला कुणाला तरी दुखावं लागतं, आणि तुमच्या केंद्रात कुणालाच काही दुखत नाही. मी एकेकाला बोलावून विचारलं. बुटाची नाडी बांधताना भिंतीचा आधार घेणारा म्हणाला, काही नाही. डोक्यावरून सदरा काढायला बायको लागते तो म्हणाला, छे. गाडीतून उतरताना सगळेच इतके चित्रविचित्र आवाज करतात की वाटावं आत कुणीतरी फर्निचर सरकवतंय, पण विचारलं की ठणठणीत. शेवटी विश्वास बसावा म्हणून मी जाहीर केलं की तुमच्यासाठी ठरवलेली परीक्षा आधी मी स्वतः देईन. (ही कल्पना मला तेव्हा फार चांगली वाटली होती.) पूर्ण पोशाख, पाठीवर हवेची टाकी, सरावाच्या मनोऱ्याचा जिना चढायचा आणि वरून बर्टिलला ओढत खाली आणायचं. बर्टिल म्हणजे सरावाचा पुतळा; वजन चांगल्या खात्यापित्या माणसाचं, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. सगळे कॉफीचे कप घेऊन बघायला जमले.

चढले ठीक. उतरताना वळणावर माझा पाय सरकला आणि मी खाली, बर्टिल माझ्यावर, असे आम्ही थांबलो. बाहेरून रसचा आवाज आला, “यात कोण कोणाला वाचवतंय?” तेवढ्यात तुकडीची कॅप्टन डोरीन मकॅलम धावत वर आली. पुढची पाळी तिची होती, म्हणून ताण मोजणाऱ्या माझ्या पट्ट्या तिच्या पाठीला आधीच चिकटवलेल्या होत्या. तिने बर्टिलला काखेत धरलं आणि कमरेत वाकून, अंग पिळून, एका झटक्यात बाजूला फेकलं. असं कधीही उचलू नका म्हणून मी ज्याचं चित्र फळ्यावर काढलं होतं, हुबेहूब तसं. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. पण तिच्या पाठीत काय बिघडलं ते खाली माझ्या संगणकावर सगळं उमटलं होतं. काका, आमच्या धंद्यातले लोक दुखापत होऊन गेल्यावर पोचतात. ती घडत असतानाच मोजायला मिळावी म्हणून कित्येकांचं आयुष्य वाट बघण्यात जातं. माझा आनंद लपवायला शिरस्त्राण उपयोगी पडलं.

संध्याकाळी डोरीन माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

“ते पुसून टाक.”

“पाठ दुखतेय?”

“नाही.”

“मग पुसायचं कशाला?”

“दुखत नाहीये ते कुणाला दिसू नये म्हणून.”

मी सगळ्यांना शब्द दिला होता की इथलं काहीही वरिष्ठांच्या कानावर जाणार नाही. म्हणजे मी सांगू शकत नव्हते. आणि गप्प बसावं, तर उद्या धुरात ही बाई पुढे असणार आणि तिच्या भरवशावर मागे दुसरं कुणीतरी. मी म्हटलं, “मी पुसणार नाही आणि सांगणारही नाही. तू सांग.” ती म्हणाली, “तू व्यायामाच्या बाई आहेस, पाद्री नव्हेस.” आणि गेली. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. ती बोलत नाही म्हणून बाकीचेही बोलेनात. मी जेवायच्या टेबलाशी आले की अख्खं टेबल हॉकीबद्दल बोलायला लागायचं. मला हॉकी कळत नाही हे त्यांना कुणी सांगितलं असेल, ते तुम्हीच जाणता.

मग एका सकाळी ओव्हिला बोड्री नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या छातीत कळा येऊ लागल्या. माणूस भारदस्त, खोली वर, जिना उभा आणि अरुंद. रुग्णवाहिकेतल्या लोकांनी उचलायला मदत मागितली. मीही सोबत होते. बोड्रीबाईंच्या शेजारी खाली दारात उभी. वरून स्ट्रेचर निघालं. डोक्याकडे रुग्णवाहिकेतला माणूस, आणि पायांकडे, म्हणजे सगळं वजन येतं त्या बाजूला, डोरीन. रस तिच्या मागे आधाराला. अर्ध्या जिन्यात ती थांबली. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ही दात आवळून उतरणार.

“रस,” ती म्हणाली, “माझी पाठ गेलीय. ही बाजू तू घे.”

रस म्हणाला, “काय?” ऐकू न आल्यामुळे नव्हे. त्या केंद्रात हे वाक्य कुणी कधी उच्चारलेलंच नव्हतं.

वरून ब्लँकेटमधून बोड्रीसाहेब म्हणाले, “निवांत ठरवा रे बाबांनो. मला कुठे जायचंय?”

“तू गप्प पड, ओव्हिला,” बोड्रीबाई खालून ओरडल्या. नवऱ्याचा कोट त्यांनी छातीशी घट्ट धरला होता.

रस पुढे सरकला, त्याने बाजू घेतली, डोरीन भिंतीला टेकून उभी राहिली आणि स्ट्रेचर तिच्यासमोरून सुखरूप खाली आलं. बोड्रीसाहेब वाचले. आता दवाखान्यातल्या सूपला चव नाही म्हणून भांडतात, असं कळलं. डोरीनला नंतर विचारलं, त्या क्षणी काय वाटलं? माझ्या बोलण्याचा परिणाम असावा अशी मला आशा होती. ती म्हणाली, “तुझी आठवणही झाली नाही. खाली त्याची बायको दिसली.”

डोरीन सध्या टेबलाशी बसून फोन घेते आणि फोन करणाऱ्यांवर खेकसते. पाठ सुधारतेय. पण खरी गंमत वेगळीच. दुसऱ्या दिवशी रस माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, “माझ्या एका मित्राचा खांदा दुखतो.” मी विचारलं, मित्र डावखुरा आहे का? म्हणाला, “हो, माझ्यासारखाच.” त्यानंतर एकेकाचे मित्र निघायला लागले. कुणाच्या मित्राची कंबर, कुणाच्या मित्राची मान. काल खुद्द केंद्रप्रमुख आले, दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि मित्राच्या गुडघ्याबद्दल फार तपशीलवार बोलले. शब्द दिलाय, म्हणून हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. संशोधन आता झकास चाललंय.

काकूंना सांगा, पुल्ला कोरडा नव्हता.

तुमची,
हेल्मी

ता. क. दुखणं बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं, हे तुमचं वाक्य आहे असं डोरीन म्हणते. मी म्हटलं, काका असं बोलणारच नाहीत. उत्तर पाठवू नका.

आणखी एक. मनोऱ्यात बर्टिल माझ्यावर पडला त्या दिवसापासून माझ्या डाव्या बरगडीत काहीतरी कटकट वाजतं. शिंकता येत नाही, हसता येत नाही, आणि हे पत्र मी उभ्याने लिहितेय. इथे कुणाला बोललेले नाही. मंडळी आत्ता कुठे मोकळी व्हायला लागलीत, त्यात मध्येच माझं काय काढायचं? तेव्हा गुरुवारी ट्रक घेऊन या आणि मला कुठल्यातरी लांबच्या गावच्या दवाखान्यात न्या, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. डोरीनने विचारलंच, तर मी तुमच्याकडे मासे धरायला आलेय म्हणून सांगा. आणि रस्त्याला खड्डे फार पडलेत, गाडी हळू चालवा. दुखत वगैरे काही नाही. पण हळू चालवा.