उषाचं उत्तर

शिरपूर, जि. धुळे
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय स्नेहलताई,
स. जयभीम, वि. वि.

फोनवर तू दोन वाक्यांत आटोपतेस, म्हणून पत्रच. धुळ्याच्या शिक्षक प्रशिक्षणात मी तज्ज्ञ मार्गदर्शक झालोय! विषय डिजिटल नागरिकत्व. मुलांना मोबाईल जबाबदारीने वापरायला कसं शिकवायचं, ते मी साठ शिक्षकांना सांगणार. हसू नकोस.

निमित्त एका व्हिडिओचं. मोबाईल समोर धरून चौथीच्या उषाला विचारलं, पासवर्ड म्हणजे काय. ती म्हणाली, जे कोणलेच सांगानं नही ते. जसा आईना खोकला, मुकादमले सांगानं नही. वर्ग खो खो हसला, मीही. शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, तर तालुकाभर फिरला. शिक्षणाधिकारी साहेबांना फार आवडला, त्यांनीच माझं नाव सुचवलं.

लोभ आहेच, या वेळी कौतुकही कर.
तुझा प्रशील


मेहरूण, जळगाव
९ ऑक्टोबर

चि. प्रशील, अनेक आशीर्वाद.

निवडीचा आनंद आहे. पण तो व्हिडिओ तुझ्या पत्राआधी पोचला. शेजारच्या झुंबरबाईंच्या सुनेने हसत हसत दाखवला. त्यात पोरीचा चेहरा आहे, मागे भिंतीवर शाळेचं नाव. बत्तीस वर्षं शिकवलं मी. पोरं वर्गात घरचं बोलतात ते आपल्या भरवशावर. तिच्या आईबापाला विचारलं होतंस? आणि एवढ्या हसणाऱ्यांत खोकला किती दिवसांचा, हे कोणी विचारलं का? आधी त्या बाईला दवाखान्यात ने. तुझी तयारी मग.

रागावले तरी तुझीच,
ताई


शिरपूर
२८ ऑक्टोबर

ताई, स. जयभीम.

व्हिडिओ ग्रुपवरून काढला, पण दवाखान्याचं दिवाळीनंतर बघू म्हटलं. काल गेलो तर घराला कुलूप. शेजारच्या सुगंधाबाईंनी बसा म्हटलं नाही. म्हणाल्या, बठ्ठा गावले माहीत शे, आते काय इचारतस गुरुजी. ऊसतोडीची टोळी भरताना मुकादमाने तो व्हिडिओ उषाच्या बापापुढे, सुकलालपुढे धरला आणि आजारी बाई नको म्हणून नवरा-बायकोची जोडीच नाकारली. उषाची आई दिवालीबाई पोरीला एका शब्दाने बोलली नाही म्हणे. तिघं गुजरातेत कामाला गेलेत, नेमकं कुठे ते ठाऊक नाही. फोन बंद.

दहा तारखेला प्रशिक्षण. नाव मागे घेऊ का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
प्रशील


मेहरूण
२ नोव्हेंबर

चि. प्रशील, आशीर्वाद.

मागे घेऊ नकोस. तुझ्या जागी दुसरा येईल आणि चांगल्या पासवर्डचे नियम सांगून जाईल. तू उभा राहा आणि हे सांग. पोरीचं नाव घेऊ नकोस, स्वतःचं घे. आणि सुकलालचा शोध सोडू नकोस.

तुझी,
ताई


शिरपूर
१४ डिसेंबर

ताई, स. जयभीम.

सांगितलं. मग सगळ्यांना मोबाईल तपासायला लावले. साठांपैकी एकेचाळीस जणांकडे तो व्हिडिओ निघाला. सगळ्यांनी पुसला. पुढच्या रांगेतल्या एक बाई रडत म्हणाल्या, मी पुढे अकरा जणांना पाठवलाय, तो कसा पुसू? मागून कोणीतरी विचारलं, प्रमाणपत्र आजच मिळणार का.

गेल्या आठवड्यात सुकलाल परतला. दिवालीबाई नाही, ती वारली. तिकडे शेतात रक्ताची उलटी झाली. डॉक्टर क्षय म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवं होतं म्हणाले. मी माफी मागायला गेलो. सुकलालने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, पोरीचं नाव पटावरून काढू नका.

उषा परवापासून येते. काही विचारलं की आधी माझ्या हातांकडे बघते. हात रिकामे दिसले तरी उत्तर देत नाही.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
प्रशील