कुणीच न घडवलेलं पैंजण

शनिवार, संध्याकाळ

आमच्या बॉस सरिताताईंचं डोकं कसं चालतं, हेच घरी येईपर्यंत मनात घोळत होतं. आमच्या ऑफिसात जाहिरातीचे फोटो हल्ली एआय बनवतं. त्यामुळे माझा कॅमेरा कपाटात गेला. ताईंनीच ठेवायला लावला, तेव्हा राग आला होता. पण कामं इतकी वाढली की शेजारचा गाळाही घ्यावा लागला, हे कसं नाकारू?

मागे हुपरीचे चांदीचे कारागीर दत्तूकाका यांच्या पैंजणांची जाहिरात टाकली. त्यातल्या एका पैंजणासाठी फोनावर फोन. आणि काका म्हणतात, "ह्यो माल माझा न्हायच की." एआयने नक्षी मनानेच रचलेली, आणि आम्ही कुणी ताडून बघितलीच नाही. मी म्हटलं, जाहिरात काढा, माफी मागा, विषय संपवा. ताईंनी जाहिरात काढली, माफीही मागितली. विषय मात्र संपवला नाही. चित्र घेऊन थेट हुपरी गाठली. काका बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "करून बघू की."

हे मला का सुचलं नाही?

आज ते पैंजण आलं. चित्रापेक्षा जड, नक्षी थोडी वेगळी, पण वाजणारं. मी ताईंना विचारलं, नवं चित्र बनवू का?

"चित्रानं एकदा फसवलंय. कॅमेरा काढ की."

धूळ झटकायला फडकं घेऊनच कपाट उघडलं. कॅमेरा लख्ख पुसलेला, बॅटरी पूर्ण भरलेली.

त्या कपाटाची किल्ली ताईंकडेच असते.