दसऱ्यापर्यंत सात मांजरं

१ जुलै १९७४, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे.
काल संध्याकाळी बापूशेठच्या भातगिरणीत बसलो होतो. आमच्या घराच्या भिंतीला गिरणीचं कंपाउंड लागून, त्यामुळे जाणं-येणं आहे. शेठ म्हणाले, गोदामात मांजरं फार झालीत, कोंड्याच्या पोत्यांत घाण करतात, सगळी गोणीत भरून खंडाळ्याच्या घाटात सोडून देतो. त्यांचा हमाल जैतू म्हणाला, घाटात कशाला, नदी जवळ हाय.
मला राहवलं नाही. बत्तीस वर्षं कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवलं आहे. मी उभा राहून म्हणालो, मांजरं नेलीत तर महिन्यात उंदीर गिरणीचे मालक होतील, आणि शिवाय बाहेरची नवी मांजरं येतील ती वेगळीच. आहेत तीच ठेवावीत, वाढ तेवढी थांबवावी. सायंटिफिक मेथड.
शेठनी विचारलं, किती ठेवायची? मी म्हणालो, सात. सातच का, ते मलाही सांगता येणार नाही. पण आकडा ठामपणे सांगावा लागतो.
शेठ म्हणाले, "ठीक, मास्तर. दसऱ्याला मी स्वतः मोजीन. आठवं दिसलं की जैतू आणि गोणी."
चार महिने आहेत. दोन पुरेत.

२ जुलै, मंगळवार. सकाळी ८
सेन्सस. पहिली मोजणी चौदा. दुसरी एकोणीस. तिसरी अकरा. सरासरी काढली : चौदा पूर्णांक सहासष्ट.
गिरणीत झाडलोट करणारी गौराबाई बघत होती. म्हणाली, बारा हायत. तिला रोज सकाळी सातला कण्या शिजवून, त्यात माशाची मुंडकी कालवून मांजरांना घालायची सवय आहे, म्हणून ती असं छातीठोक बोलते. मी पंधरा लिहिले.
एक मोठा काळा बोका आहे. नाव ठेवलं भीम. गौराबाई म्हणाली, "मास्तर, तो बोका नाय, ती मांजर हाय." अशिक्षित बाई. वाद घातला नाही.

४ जुलै, गुरुवार
गुरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर घोरपडे साताऱ्याकडचे, बैलांत हात बसलेला. म्हणाले, बोक्याचं खच्चीकरण सोपं आहे, मांजरीचं ऑपरेशन पोट उघडून करावं लागतं, कॉलेजात केलेली आहेत, पण जनावर पोटुशी असायच्या आत आणायला हवं. मंगळवारी गर्दी नसते, मंगळवारी आणा.
मी म्हणालो, आमच्याकडे मुख्यतः बोकेच आहेत.
धाऊ सुताराला पिंजरा सांगितला. आत सुका बोंबील टांगायचा, ओढला की दार खाली. डिझाइन माझं.

९ जुलै, मंगळवार
पिंजऱ्यात कोंबडी सापडली. शेजारच्या सोनुबाईंची. डिझाइन चालतं हे सिद्ध झालं.
मांजरं पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत, कारण सकाळी सातलाच पोटं भरलेली. गौराबाईला समजावलं, काही दिवस खाणं बंद ठेव, भूक लागली की आपोआप येतील. ती म्हणाली, "उपाशी मांजर जागंवर राहात नाय, मास्तर. चहूकडं पांगती." तिला सायंटिफिक विचारसरणी नाही. शेठकडून हुकूम काढून घेतला. उद्यापासून खाणं बंद.

१६ जुलै, मंगळवार
विजय. एक तांबडा बोका सापडला. दवाखान्यात नेला. ऑपरेशन पाच मिनिटांत. ओळख राहावी म्हणून त्याच्या डाव्या कानाला निळी शाई लावली आणि संध्याकाळी गिरणीत सोडला. नोंद : तांबडा क्रमांक एक.
हातावर तीन ओरखडे. घरी मालतीने आयोडिन लावलं. म्हणाली, अहो, गौराबाईला बरोबर का नाही घेत? मी म्हणालो, कामात बायका आल्या की भावना येतात.

१९ जुलै, शुक्रवार
उद्यापासून श्रावण. आज आमच्याकडे गटारी. मालतीने सुरमईच्या आठ तुकड्या तळून ताटात काढून ठेवल्या होत्या. आम्ही पानं मांडेपर्यंत खिडकीतून चार मांजरं आत. दोन तुकड्या राहिल्या.
मालतीने विचारलं, हे कसं झालं? मी म्हणालो, हवामान.
एक तुकडी तिला दिली, एक मी खाल्ली. ती माझ्याकडे न बघता जेवली.

२२ जुलै, सोमवार
गिरणीतली मांजरं आता सोनुबाईंकडे, स्टेशनात, मारुतीच्या देवळात, सगळीकडे दिसू लागली आहेत. सोनुबाई दारात येऊन म्हणाल्या, मास्तर, तुमची मांजरं आवरा. माझी? मी फक्त मॅनेजमेंट बघतो.
प्रयोगाचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर करून खाणं परत सुरू केलं. गौराबाईने कण्यांचं पातेलं लगेच चुलीवर चढवलं.

३० जुलै, मंगळवार
तांबडा क्रमांक दोन सापडला. पावसात धावत नेला. दवाखान्यात भलतीच घाई, एक म्हैस अडली होती. डॉक्टरांनी पिंजऱ्यात डोकावून, उचलून, बघून म्हटलं, याचं काम झालेलं आहे, न्या. मी आभार मानले. एवढ्या लवकर. डॉक्टरांचा हात बसत चालला आहे.
शाई लावली. दोन झाले.

१३ ऑगस्ट, मंगळवार
तांबडा क्रमांक तीन. हा तर पिंजऱ्याच्या दारात वाटच बघत बसला होता. दार पडल्यावर घाबरला नाही, बोंबील संपवून झोपला. मी टाळंच काढत होतो तोवर डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "मास्तर, याचं काम जुलैतच झालंय. मागच्या वेळीही तेच सांगितलं. दर पंधरा दिवसांनी कशाला आणता, दम लागतो त्याला."
शाई पावसाने धुऊन गेली. हा शाईच्या कंपनीचा दोष.
घरी येताना गौराबाई भेटली. तांबडी किती आहेत विचारलं. म्हणाली, एकच हाय. पहिल्यापासनं एकच हाय.
नोंदवहीत दुरुस्ती : ऑपरेशन एक. (फेरतपासणी दोनदा.)

२० ऑगस्ट, मंगळवार
मालती अधिक महिन्याच्या पोथीला जाते म्हणून सकाळीच बाहेर पडली. झाकणाची वेताची टोपली, वरून जुनं लुगडं बांधलेलं. म्हटलं यात काय? म्हणाली, अनारसे. तेवढ्यात टोपलीतून बारीक आवाज आला. ओला वेत असा करकरतो, आर्द्रतेमुळे. तिला ते शास्त्र समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.
गौराबाईही तिच्याबरोबर गेली. तिला पोथीची आवड आहे हे माहीत नव्हतं.

२४ ऑगस्ट, शनिवार
भीम कोंड्याच्या कोपऱ्यात व्याला. पाच पिल्लं.
दिवसभर काही लिहिण्याची इच्छा नव्हती.
संध्याकाळी जाऊन बघितली. डोळे मिटलेली, उंदराएवढी. भीमने माझ्याकडे बघून फुस्स केलं. गौराबाई म्हणाली, "आता तिला पिल्लं मोठी हुईस्तवर हलवायची नाय." मी म्हणालो, हाच माझाही निर्णय आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार
आणखी चार पिल्लं, राखाडी मांजरीची. (आधीची नोंद : राखाडी बोका, तरुण.)
एकूण, गौराबाईच्या हिशोबाने, एकवीस. माझ्या हिशोबाने चोवीस.
मालती पोथीला. अनारसे आज बरेच जड दिसले, दोघी मिळून टोपली धरून गेल्या.
शेठ रस्त्यात भेटले. म्हणाले, काय मास्तर, प्रोग्रेस? मी म्हणालो, वाढीचा वेग आटोक्यात येतो आहे. ते म्हणाले, मला वेग नको, आकडा पायजे.

१९ सप्टेंबर, गुरुवार. गणेश चतुर्थी
घरी गणपती. मालतीचा अधिक महिना संपला तरी मंगळवार चालूच आहेत. आता म्हणते महिला मंडळ. बायकांना अशी एखादी आवड असावी. उगाच घरात बसून राहण्यापेक्षा बरं.
पिंजऱ्याचं दार गंजलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार
पिंजऱ्यात आज मी दोन तास हात घालून दार दुरुस्त करत असताना दार पडलं. मनगट अडकलं. जैतूने सोडवलं. तो म्हणाला, दसरा सतरा दिसांवर आलाय, मास्तर, गोण्या धुवून वाळत घातल्यात. तो वाईट नाही. सांगितलेलं करतो.
मोठा आलेख काढायला घेतला. शाळेतला जुना भिंतीचा नकाशा उलटून त्याच्या पाठीवर. आलेख नीट असेल तर शेठ सगळं समजतील.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४
आलेख पूर्ण. रेघ वरच जाते. दोनदा काढून पाहिली. नकाशा आरशात पाहिला तर खाली जाते, पण मग अक्षरंही उलटी.
दुपारी एकटाच गिरणीत गेलो. यंत्रं उद्याच्या पूजेसाठी पुसून ठेवलेली. ओसरीवर चार गोण्या, घडी घालून. बाजूला सुतळी.
मनात आलं, सगळी घरी न्यावीत. मालतीला काहीतरी सांगता येईल. खिशात बोंबील होते. कोंड्याच्या पोत्यांमागे जाऊन अर्धा तास चुचकारलं. एकही बाहेर आलं नाही. डोळे दिसत होते अंधारात. भीमचे मी ओळखले. जवळ सरकलो तर तिने हात फाडला.
या हाताने बत्तीस वर्षं फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहिली.
घरी आल्यावर मालतीने विचारलं, रडलात का? मी म्हणालो, कोंडा डोळ्यांत गेला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा
सकाळी यंत्रपूजा. शेठ, त्यांची माणसं, डॉक्टर घोरपडे, मालती, सगळे. मी आलेखाची गुंडाळी घेऊन. भाषण तयार : "उत्क्रांती आणि भातगिरणी."
नारळ फुटल्यावर शेठ म्हणाले, चला, मोजू. गौराबाईने ताटली वाजवली. मांजरं आली. तांबडा सगळ्यांत पुढे. मग एकेक. शेठ बोटांवर मोजत होते. सहा. सात. ताटली पुन्हा वाजवली. आणखी कोणी नाही.
मी आलेख उलगडायला घेतला होता, तो तसाच अर्धवट राहिला.
शेठ म्हणाले, बाकीची कुठे? गौराबाई म्हणाली, नऊ पिल्लं दूध सुटल्यावर दिली, चार कळंबला, बाकीची शेलूला आन भिवपुरीला. भात घरात यायचा टाइम हाय, कणगीला उंदीर लागतो, लोक मागूनच नेत हुते. मोठी पाचही तशीच गेली. भीम कळंबलाच, पिल्लांसंगं, काल संध्याकाळी पोचवली.
डॉक्टर म्हणाले, आणि ही राहिलेली सातही आता वाढायची नाहीत. तांबडा मास्तरांनी आणला. तीनदा. बाकी सहा मालतीवहिनींनी आणि गौराबाईंनी, ऑगस्टपासून, मंगळवारचे मंगळवार. माझा हात त्यांनीच बसवला.
मी मालतीकडे बघितलं. ती आपट्याची पानं निवडत होती.
शेठ गौराबाईला म्हणाले, गिरणी चालू आहे तोवर मांजरांच्या कण्या गिरणीतून. हे तुझं खातं. मग जैतूला म्हणाले, गोण्यांत भात भर.
मला सोनं दिलं आणि म्हणाले, मास्तर, आयडिया तुमचीच. मनापासून म्हणाले असावेत. आलेख गुंडाळून काखेत मारला.
घरी येताना मालतीला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही बरोबर आला असता."
आलेख दुसऱ्या काखेत घेतला.

२६ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७
मॅनेजमेंट संपलं तरी देखरेख लागते, असं ठरवून गिरणीत गेलो. गौराबाई कण्या घालत होती. मांजरं मला बघून पोत्यांमागे पळाली.
गौराबाई म्हणाली, "मास्तर, राग मानू नका. तुमी फाटकाच्या भायेर उभे रावा. तुमाला बघितलं की त्या खात नाय."
बाहेर उभा राहिलो. थोड्या वेळाने एकेक आली. गजांमधून नीट दिसतं. राखाडीला जवळून कधी पाहिलंच नव्हतं, तिच्या शेपटीचं टोक पांढरं आहे.
मोजली. सात. आत हाक मारून गौराबाईला विचारलं. तीही सातच म्हणाली.
उद्याही जाईन. बाहेरच.